पेशंट 'नवा' की 'जुना'? अमेरिकन बिलिंगमधला तीन वर्षांचा नियम

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका बिलिंग कंपनीत कोडर आहे, म्हणजे डॉक्टरांच्या नोट वाचून बिलाचे कोड लावतो. आमचा क्लायंट म्हणजे अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांचा एक ग्रुप. मेडिकल कोडिंगवर इथे आधी धागे आलेत, पण ते सगळे 'सीपीसी (कोडिंगचं सर्टिफिकेट) करू का, पगार किती मिळतो' या वळणाचे. माझा प्रश्न रोजच्या कामातला आहे.

पेशंट मेडिकेअरचा (अमेरिकेतला सरकारी विमा, मुख्यतः ज्येष्ठांचा). २०२३ मध्ये छातीत दुखतंय म्हणून हॉस्पिटलात ॲडमिट होता. तेव्हा आमच्या ग्रुपच्या एका डॉक्टरांनी त्याला वॉर्डात तपासलं, पुढचे राउंडही घेतले. डिस्चार्जनंतर तो ऑफिसकडे फिरकलाच नाही. आता २०२५ मध्ये पहिल्यांदा ऑफिसात आला, तोही ग्रुपमधल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे. फ्रंट डेस्कने नवा चार्ट उघडला, डॉक्टरांनी नोटच्या डोक्यावर 'न्यू पेशंट' लिहिलं आणि नव्या पेशंटचा कोड ९९२०४ निवडला.

मी क्लेम (विम्याकडे जाणारं बिल) एस्टॅब्लिश्ड, म्हणजे जुन्या पेशंटमध्ये वळवून परत डॉक्टरांकडे क्वेरी टाकली. क्यूएने (आमचं काम तपासणाऱ्याने) एरर मारली. शेरा असा: 'ऑफिसची पहिलीच भेट, म्हणून न्यू'. एरर म्हणजे महिन्याची ॲक्युरसी खाली, आणि इन्सेन्टिव्ह त्यावरच ठरतो. टीम लीड म्हणतो, क्यूएशी वाद घालू नकोस.

कोण बरोबर? आणि नियम नेमका कुठे लिहिलाय, म्हणजे रिबटलमध्ये (एररविरुद्धच्या लेखी उत्तरात) टाकता येईल?

चकलीसम्राट

उत्तर जाणकार देतील. पण आधी सांग, साल-बिल खरं टाकलं नाहीस ना? पेशंटची माहिती चव्हाट्यावर आणल्याबद्दल नोकरी गेलेली माणसं पाहिली आहेत.

रात्रपाळी

नाही नाही, तपशील बदललेत. प्रश्नाला लागतील तेवढेच ठेवलेत.

जुनी_खोड

क्यूएचा शेरा चुकीचा आहे. 'ऑफिसची पहिली भेट' हे शब्द नियमात कुठेच नाहीत.

जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक बॅचचा इथेच घोळ होतो. सीपीटी, म्हणजे या कोडांच्या पुस्तकात नव्या पेशंटची व्याख्या अशी: त्या डॉक्टरकडून, किंवा त्याच ग्रुपमधल्या नेमक्या त्याच स्पेशालिटी-सबस्पेशालिटीच्या दुसऱ्या डॉक्टरकडून, मागच्या तीन वर्षांत ज्याला कुठलीही व्यावसायिक सेवा मिळालेली नाही, तो नवा. व्यावसायिक सेवा म्हणजे डॉक्टर किंवा तत्सम पात्र व्यक्तीने समोरासमोर दिलेली. कुठे दिली याचा उल्लेख नाही. ऑफिस, वॉर्ड, इमर्जन्सी, नर्सिंग होम, काहीही असो.

म्हणजे विचारायचं काय? कोणी पाहिलं, कधी पाहिलं, आणि त्या पाहणाऱ्याचं आजच्या डॉक्टरशी नातं काय. आजार नवा आहे का, विमा नवा आहे का, चार्ट नंबर नवा आहे का, बिल्डिंग नवी आहे का, यातलं काहीही मोजायचं नाही. मागच्या वर्षी ब्लड प्रेशरसाठी आलेला माणूस या वर्षी धडधडीसाठी आला तरी जुनाच.

तुझ्या केसमध्ये वॉर्डातली तपासणी समोरासमोर झालेली आहे. तीन वर्षांच्या आत आहे. ग्रुप तोच आहे. राहिला प्रश्न स्पेशालिटीचा. दोन्ही डॉक्टर एकाच स्पेशालिटीचे असतील तर पेशंट एस्टॅब्लिश्ड, विषय संपला.

रिबटलमध्ये दोन गोष्टी टाक. एक, सीपीटीमधली ई/एम (तपासणी-भेटींच्या) विभागाच्या सुरुवातीची मार्गदर्शक सूचना. तिथे निर्णयाचा एक तक्ताही छापलेला असतो, त्याचा स्क्रीनशॉट लाव, क्यूए लोकांना चित्रं आवडतात. दोन, पेशंट मेडिकेअरचा आहे म्हणून मेडिकेअरच्या क्लेम्स प्रोसेसिंग मॅन्युअलचा १२ वा अध्याय, कलम ३०.६.७. आणि क्लेम हिस्टरीतून ग्रुपच्या टिनखाली (टॅक्स नंबरखाली) २०२३ मध्ये गेलेले हॉस्पिटल भेटींचे कोड, ९९२२१ ते ९९२२३ किंवा ९९२३१ ते ९९२३३ शोधून जोड. आपल्याच ग्रुपने तेव्हा बिल केलंय म्हटल्यावर कोणी काय बोलणार?

रात्रपाळी

ताई, खूप आभार. एक उपप्रश्न. समजा त्या डॉक्टरांनी पेशंटला पाहिलंच नसतं, नुसता ईकेजी वाचून रिपोर्ट दिला असता तर?

जुनी_खोड

तर नवा. तेच कलम पुढे वाच. नुसतं ईकेजी किंवा एक्स-रे वाचणं, लॅबचा अर्थ लावणं, आणि पेशंटशी प्रत्यक्ष गाठ नाही, तर त्याने पेशंट जुना होत नाही. कार्डिओलॉजीत हे रोज होतं. इमर्जन्सीतले ईकेजी ग्रुपचे डॉक्टर घरी बसून वाचतात, शेकडो नावं सिस्टिममध्ये येतात. सॉफ्टवेअर म्हणतं 'पेशंट सापडला', आणि फ्रंट डेस्कवरची मुलगी त्याला जुना ठरवते. तिथे ग्रुपचे पैसे उगाच बुडतात.

तसंच फोनवरून औषध पुन्हा लिहून दिलं, किंवा नर्सने नुसता फ्लूचा डोस टोचला, तरी पेशंट नवाच राहतो.

एडिसनकर

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे बिल भरणारा. न्यू जर्सीत राहतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे वर्ष-दीड वर्षापूर्वी गेलो होतो. मध्यंतरी तो दवाखाना एका मोठ्या ग्रुपने विकत घेतला. पाटी बदलली, पोर्टल बदललं, माझ्याकडून सगळे फॉर्म नव्याने भरून घेतले. डॉक्टर मात्र तेच, मला नावानिशी ओळखणारे. बिलात नव्या पेशंटचा ९९२०३ लावलाय. माझा प्लॅन हाय डिडक्टिबलचा, त्यामुळे सगळे पैसे माझ्याच खिशातून. वरची व्याख्या वाचून वाटतंय की मला 'जुना' धरायला हवं होतं. बरोबर का?

जुनी_खोड

शंभर टक्के. डॉक्टर ग्रुप बदलतो तेव्हा त्याचे पेशंट त्याच्यापुरते जुनेच राहतात. टिन बदलतो, पण डॉक्टरचा स्वतःचा एनपीआय (ओळख क्रमांक) जन्मभर तोच असतो. 'नव्या कंपनीसाठी तुम्ही नवे' हे फ्रंट डेस्कचं लाडकं वाक्य आहे, त्याला नियमात जागा नाही.

मिसळपाव_बंद

थोडक्यात काय, लूट. त्याच डॉक्टरकडे, त्याच खुर्चीत बसायचं आणि नाव 'नवा' लावून जास्त पैसे उकळायचे. आपल्याकडचे डॉक्टर बरे. फॅमिली डॉक्टर ओळखीचं हसतात आणि 'पुढच्या आठवड्यात दाखवून जा' म्हणतात, त्याचे पैसेही घेत नाहीत.

सहा_सिग्मा

लूट म्हणायच्या आधी जास्त पैसे कशाचे ते बघा. मीही क्यूए आहे (दुसऱ्या कंपनीत, त्यामुळे धागाकर्त्याने मारायला येऊ नये).

मेडिकेअर प्रत्येक कोडला आरव्हीयू म्हणून गुण देते. त्यातला डॉक्टरच्या कामाचा भाग पाहा. नव्या पेशंटच्या ९९२०३ ला १.६०, जुन्याच्या ९९२१३ ला १.३०. तसंच नव्याच्या ९९२०४ ला २.६०, जुन्याच्या ९९२१४ ला १.९२. निर्णयाची गुंतागुंत दोन्ही जोड्यांत सारखीच धरलेली आहे, पहिल्या जोडीत 'लो', दुसऱ्या जोडीत 'मॉडरेट'. मग फरक कशाचा? अनोळखी माणसाचा इतिहास शून्यापासून काढायचा, जुने रिपोर्ट मागवून वाचायचे, औषधांची यादी जुळवायची, याचा. २०२५ मध्ये एका आरव्हीयूला मेडिकेअर साधारण ३२ डॉलर ३५ सेंट देत होती. म्हणजे ९९२०४ आणि ९९२१४ मध्ये फक्त कामाच्या भागातच २२ डॉलरचा फरक. प्रॅक्टिसचा खर्च वगैरे धरून तो आणखी वाढतो. खाजगी विमा कंपन्यांचे दर बहुधा याहून चढे.

तेव्हा कल्पना चुकीची नाही. ज्याचा इतिहास डॉक्टरला ठाऊक आहे त्याला अनोळखी म्हणून बिल लावणं चुकीचं. एडिसनकरांचं प्रकरण त्यातलं.

मिसळपाव_बंद

ठीक. पण तीनच वर्षं का? चार का नाही? डॉक्टर काय तीन वर्षं आणि एका दिवसाने पेशंट विसरतो?

सहा_सिग्मा

कुठेतरी रेघ ओढायलाच लागते. आपल्याकडे प्रत्येक दवाखाना स्वतःची रेघ ओढतो. कुठे आठवडाभरात फेरतपासणी फुकट, कुठे केसपेपर हरवला की नवी फी. अमेरिकेत सगळ्यांना एकच, एवढाच फरक.

एडिसनकर

धन्यवाद दोघांना. आता मी करायचं काय? सरळ विमा कंपनीला फोन लावू?

एआर_वाली

इथे मी बोलते, कारण माझं आयुष्य असल्या फोनांत चाललंय.

विमा कंपनीला नंतर. आधी दवाखान्याच्या बिलिंग ऑफिसला फोन करा. फ्रंट डेस्कला नाही, बिलिंगला. ईओबी (विमा कंपनीने पाठवलेला हिशोब) समोर ठेवा. सांगा: 'अमुक तारखेला याच रेंडरिंग डॉक्टरांनी मला तपासलं होतं, तीन वर्षं झालेली नाहीत, कोडिंग रिव्ह्यू हवा आहे.' 'रेंडरिंग' (प्रत्यक्ष सेवा देणारा) आणि 'कोडिंग रिव्ह्यू' हे दोन शब्द ऐकले की समोरचा सरळ बसतो. रिव्ह्यू होईपर्यंत अकाउंट होल्डवर ठेवायला सांगा आणि कॉलचा रेफरन्स नंबर घ्या. बिल नुसतं दुर्लक्षून ठेवू नका, ते कलेक्शनला गेलं की वेगळीच कटकट.

त्यांनी दुरुस्त क्लेम पाठवला की नवी ईओबी येईल. नाही म्हणाले तर मग विमा कंपनी.

तुमच्या विम्याने हे पकडलं का नाही, असं वाटेल. पकडलं असतं तर क्लेम बी१६ कोडने परत आला असता, अर्थ 'नव्या पेशंटच्या अटी पूर्ण होत नाहीत'. पण बहुतेक सिस्टिम स्वतःच्या क्लेम हिस्टरीत बघतात. मधल्या काळात तुम्ही नोकरी बदलली असेल, विमा बदलला असेल, तर नव्या कंपनीकडे तुमची जुनी भेट दिसणारच नाही.

एडिसनकर

तेच झालंय! विमा जानेवारीत बदलला.

सहा_सिग्मा

मेडिकेअरचं त्या मानाने सोपं, कारण पैसे देणारी एकच आणि हिस्टरी सलग. २०१३ च्या ऑक्टोबरपासून त्यांच्या सिस्टिममध्ये याची खास चाळणी आहे, तीन वर्षांत दुसऱ्यांदा न्यू कोड आला की अडकतो. पण धागाकर्त्याच्या केससारखं, आधी हॉस्पिटलचे कोड आणि मग ऑफिसचा न्यू, हे त्या चाळणीतून निसटू शकतं. म्हणून 'पेड झालं म्हणजे बरोबर' हा युक्तिवाद क्यूएने केला तर ऐकू नकोस. ऑडिटवाले मागाहून येऊन पैसे परत मागतात.

लेकुरवाळी

धागा वाचता वाचता माझी जुनी शंका वर आली. डॅलसला असताना बाळ झालं. हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञ येऊन बाळाला बघून गेले, ते आम्हीच आधी निवडलेले. घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी त्यांच्या दवाखान्यात पहिली भेट. बाळ अख्ख्या जगात नवीन! बिलात ते 'एस्टॅब्लिश्ड' होतं. नवरा आणि मी खूप हसलो होतो. ते बरोबर होतं?

जुनी_खोड

बरोबर होतं. त्या डॉक्टरांनी हॉस्पिटलात बाळाला प्रत्यक्ष पाहिलं आणि बहुधा ९९४६० लावला. तिथेच ओळख झाली. मग दवाखान्यातल्या पहिल्या तपासणीला ९९३९१. ते आले नसते आणि हॉस्पिटलच्या स्वतःच्या डॉक्टरांनी पाहिलं असतं, म्हणजे ग्रुप वेगळा, तर ९९३८१, म्हणजे न्यू. सहा दिवसांचं बाळ जुना पेशंट आणि चार वर्षांनी उगवलेले आजोबा नवे. मी क्लासमध्ये हेच उदाहरण देते, मुलं विसरत नाहीत.

नागपुरी_संत्रं

माझ्याही प्रोजेक्टमधला एक. ऑर्थो ग्रुप. पेशंटने मागच्या वर्षी व्हिडिओवर पीएशी (फिजिशियन असिस्टंटशी) बोलून गुडघ्याचं दाखवलं. आता प्रत्यक्ष आलाय सर्जनकडे. क्लायंटची ऑफिस मॅनेजर म्हणते, डॉक्टरने कधी पाहिलंच नाही, आणि व्हिडिओ म्हणजे समोरासमोर थोडंच? मी काय समजू?

सहा_सिग्मा

व्हिडिओवरची रीतसर बिल केलेली भेट ही व्यावसायिक सेवाच धरतात. २०२५ च्या सीपीटीत तर व्हिडिओ भेटींचे कोडही नवे आणि जुने असे वेगळे दिलेत, ९८००० ते ९८००३ नव्यांना, ९८००४ ते ९८००७ जुन्यांना (मेडिकेअर हे कोड घेत नाही, ती नेहमीचेच ऑफिस कोड मागते).

पीएचं जरा नाजूक आहे. सीपीटी म्हणतं, डॉक्टरसोबत काम करणारा पीए किंवा नर्स प्रॅक्टिशनर (एनपी) हा त्या डॉक्टरच्याच नेमक्या स्पेशालिटीचा समजायचा. म्हणजे ऑर्थोच्या पीएने पाहिलं तर सर्जनपुरता पेशंट जुना. मेडिकेअरच्या नोंदणीत मात्र एनपीचा स्पेशालिटी कोड ५० आणि पीएचा ९७, डॉक्टरपेक्षा वेगळे. त्यामुळे क्लेम अडकत नाही आणि काही ग्रुप त्याचा फायदा घेतात. आमच्याकडे क्लायंटच्या कम्प्लायन्सने (नियम पाळले जातात का बघणाऱ्यांनी) लेखी दिलंय की पेयर, म्हणजे पैसे देणारा विमा, कुणीही असो, सीपीटीप्रमाणेच जायचं. तूही तुझ्या क्लायंटकडून लेखी मागून घे. ऑफिस मॅनेजरच्या तोंडी सांगण्यावर कोड बदलायचा नाही, मग ती कितीही गोड बोलो.

नागपुरी_संत्रं

ती गोड बोलत नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे.

रात्रपाळी

मंडळी, अपडेट. रिबटल टाकला, ताईंनी सांगितलेलं सगळं जोडलं. क्यूएने आता पवित्रा बदललाय. 'ऑफिसची पहिली भेट' सोडलं. आता म्हणतो, हॉस्पिटलातले डॉक्टर ग्रुपच्या वेबसाइटवर इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट (हृदयाच्या ठोक्यांच्या तालाचे तज्ज्ञ) आहेत आणि ऑफिसातले साधे कार्डिओलॉजिस्ट. स्पेशालिटी वेगळी, म्हणून न्यूच. वेबसाइट उघडून पाहिली, खरंच तसं लिहिलंय. आता?

चकलीसम्राट

अरे बापरे. मॅच फिरली.

जुनी_खोड

मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे. क्यूएने हाच पहिल्यांदा काढला असता तर मी त्याचं कौतुक केलं असतं. मेडिकेअरमध्ये कार्डिओलॉजीचा कोड ०६, इलेक्ट्रोफिजिऑलॉजीचा २१, इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजीचा सी३. एका ग्रुपमध्ये ०६ वाल्याने पाहिलेला पेशंट २१ वाल्याकडे पहिल्यांदा गेला तर तिथे तो नवा, आणि उलटही.

पण वेबसाइट हा पुरावा नाही. वेबसाइट मार्केटिंगवाले लिहितात. मेडिकेअरकडे डॉक्टरची नोंदणी कुठल्या स्पेशालिटीत आहे ते बघायचं. क्लायंटच्या क्रेडेन्शियलिंगकडून (डॉक्टरांच्या नोंदण्या सांभाळणाऱ्यांकडून) शीट मागव. खाजगी विमा असता तर टॅक्सोनॉमी (डॉक्टरच्या स्पेशालिटीचा) कोड आणि त्या कंपनीचा करार बघितला असता.

आणि जाता जाता, या न्यू-एस्टॅब्लिश्डच्या मारामाऱ्या कार्डिओलॉजीत एवढ्या का, माहीत आहे? पूर्वी स्पेशालिस्ट लोक दुसऱ्या डॉक्टरने पाठवलेल्या पेशंटला कन्सल्टेशनचे कोड लावायचे. त्यात नवा-जुना भेदच नाही. मेडिकेअरने १ जानेवारी २०१० पासून त्या कोडचे पैसे देणं बंद केलं आणि सगळे स्पेशालिस्ट या रांगेत येऊन उभे राहिले. माझ्या आधीच्या पिढीतल्या कोडर्सना त्या वर्षाच्या बॅकलॉगची अजून स्वप्नं पडतात.

मिसळपाव_बंद

इमर्जन्सीत पण असाच घोळ?

जुनी_खोड

नाही. तिथे ९९२८१ ते ९९२८५, नवा-जुना काही नाही. एवढ्यासाठीच मला ईडीचं कोडिंग आवडायचं.

रात्रपाळी

शीट आली. दोन्ही डॉक्टर ०६! इलेक्ट्रोफिजिऑलॉजीवाल्यांनी ती फेलोशिप नंतर पूर्ण केली, ग्रुपने वेबसाइट बदलली, पण मेडिकेअरची नोंदणी कोणी अपडेटच केली नाही. क्लायंटच्या बाईंनी मेलमध्ये शेवटी 'आम्ही बघतो' लिहिलंय. क्यूएने एरर मागे घेतली. टीम लीड आता म्हणतो, मी तुला सांगत होतोच, वाद घालायचा.

आता फक्त एक उरलं. क्वेरीच्या उत्तरात डॉक्टरांच्या ऑफिसने विचारलंय, मग कोणता कोड? ९९२०४ च्या जागी ९९२१४, बरोबर ना? गुंतागुंत मॉडरेटच आहे.

सहा_सिग्मा

थांब. नोटमध्ये वेळ लिहिलाय का?

रात्रपाळी

हो. 'आजच्या तारखेला एकूण ४७ मिनिटं, वेगळ्या बिल केलेल्या तपासण्यांचा वेळ वगळून.' पेशंटबरोबरचा वेळ, जुने हॉस्पिटलचे रेकॉर्ड वाचणं आणि नोट लिहिणं, असं फोडूनही लिहिलंय.

सहा_सिग्मा

मग ९९२१४ नाही. ९९२१५.

२०२१ पासून ऑफिस भेटीची लेव्हल एकतर निर्णयाच्या गुंतागुंतीवर ठरते, नाहीतर डॉक्टरच्या त्या दिवसाच्या एकूण वेळेवर. दोन्हींतलं जे डॉक्टरच्या बाजूचं असेल ते घ्यायचं. वेळेच्या पायऱ्या नव्यांना १५, ३०, ४५, ६० मिनिटं (९९२०२ ते ९९२०५), जुन्यांना १०, २०, ३०, ४० (९९२१२ ते ९९२१५). तुझी ४७ मिनिटं नव्या पेशंटच्या शिडीवर चौथ्या लेव्हलची, जुन्याच्या शिडीवर पाचव्या लेव्हलची. म्हणून शेवटचा आकडा तोच ठेवून कोड फिरवायचा नाही, नव्याने मोजायचं.

मुख्य म्हणजे ईकेजी वेगळा बिल केला असेल तर त्याच्या वाचनाचे मिनिट यात नकोत, आणि नर्सचा वेळही नको. त्यांनी वगळलंय असं लिहिलंय, तेव्हा तू मोकळा.

मिसळपाव_बंद

म्हणजे आता डॉक्टरला कमी मिळणार की जास्त?

सहा_सिग्मा

९९२०४ ला कामाचे २.६०, ९९२१५ ला २.८०. जास्त!

मिसळपाव_बंद

मी या धाग्यावर लूट लूट म्हणत होतो आणि डॉक्टर स्वतःच कमी लावून बसलेले. कमाल आहे.

एडिसनकर

एक मिनिट. म्हणजे माझं ९९२०३ दुरुस्त करायला सांगितलं तर माझंही बिल वाढू शकतं?

एआर_वाली

तुमच्या नोटमध्ये वेळ लिहिला असेल तर तात्त्विकदृष्ट्या हो. पोर्टलवर व्हिजिट नोट दिसते, फोन करण्याआधी ती वाचा. त्वचेच्या डॉक्टरकडे तुम्ही आत किती वेळ होता?

एडिसनकर

दहा मिनिटं असतील, त्यातली अर्धी मोबाइलमधले फोटो दाखवण्यात.

एआर_वाली

मग निवांत फोन करा. ३० मिनिटांना ९९२१४ लागतो, तिथपर्यंत काही जात नाही. बहुधा ९९२१३ होईल, गुंतागुंत 'लो'हूनही कमी असेल तर ९९२१२.

कोथरूडची_आजी

मला या आकड्यांतलं काही कळत नाही, पण पुढच्या महिन्यात मुलाकडे बॉस्टनला चालले आहे. गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जावं लागलं तर मी नवीनच ना?

एआर_वाली

आजी, तुम्ही तिथे नव्याच, त्यात वाद नाही. पण मुलाला एक सांगून ठेवा. विम्याशिवाय स्वतः पैसे भरणार असाल तर अपॉइंटमेंटच्या आधी लेखी 'गुड फेथ एस्टिमेट' मागायचं. २०२२ पासून कायद्याने तो हक्क आहे. बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त आलं तर बिल आल्यापासून १२० दिवसांत तक्रार करता येते. आणि भारतातले एक्स-रे, रिपोर्ट बरोबर न्या.

कोथरूडची_आजी

बरं झालं सांगितलंस. मुलाला पाठवते हे.

नागपुरी_संत्रं

शेवटचा प्रश्न, मग मी शिफ्टला बसतो. तीन वर्षं म्हणजे कॅलेंडर वर्षं की तारीख ते तारीख? आमच्याकडे एकाने २०२२ ची डिसेंबरातली भेट आणि २०२५ ची जानेवारीतली, 'तीन वर्षं झाली' म्हणून न्यू लावलीय.

जुनी_खोड

तारीख ते तारीख. शेवटच्या समोरासमोरच्या सेवेच्या तारखेपासून मोजायचं, साल वजा साल करायचं नाही. डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२५ म्हणजे दोन वर्षं आणि काही दिवस. तो क्लेम अजून गेला नसेल तर आत्ताच थांबव, गेला असेल तर दुरुस्तीला काढ. आणि त्या माणसाच्या मागच्या महिन्याच्या बाकीच्या न्यू भेटीही एकदा काढून बघ.

नागपुरी_संत्रं

गेलाय. काढतो. बाकीच्यांची यादीही काढायला घेतलीय, लांबलचक आहे.